मदत हवी आहे: आठवडे बाजारात आईला पाचशेची खोटी नोट मिळाली, आता काय करावं?

नमस्कार मंडळी,

माझी आई सातारा जिल्ह्यात आठवडे बाजारात भाजी विकते. गेल्या बाजारी दिवेलागणीला गर्दी उसळली असताना कुणीतरी चाळीस रुपयांच्या भाजीसाठी पाचशेची नोट दिली आणि चारशे साठ रुपये सुट्टे घेऊन गेलं. आईने ती इतर पैशांसोबत पिग्मीवाल्याकडे भरली. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेने ती "खोटी आहे" म्हणून त्याच्याच हाती परत पाठवली. ती नोट आता आमच्या घरात आहे.

ओळखीचे लोक सांगतात, पंपावर नाहीतर रात्रीच्या एसटीत खपवून टाका. आई ऐकत नाही. म्हणते, तो कंडक्टर तरी कुणाच्या खिशातून भरणार? मलाही ते पटतं, पण पाचशे रुपये म्हणजे तिची जवळपास दिवसभराची कमाई आहे.

नोट बँकेत नेली तर पैसे मिळतील का? पोलिसांचं लचांड मागे लागेल का? आणि मुख्य प्रश्न असा, की आईला वाचता येत नाही, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. बल्बच्या उजेडात, गिऱ्हाईक समोर उभं असताना तिने नोट कशी ओळखावी?

निवृत्त_रोखपाल
ताई, आधी वाईट बातमी सांगतो. पैसे मिळणार नाहीत. खोट्या नोटेची भरपाई कुठलीच बँक देत नाही. बँक त्या नोटेवर शिक्का मारते, ती जप्त करते आणि तुम्हाला पोचपावती देते. नोट तुम्हाला परत करण्याची बँकेला परवानगीच नाही. पावती मात्र मागून घ्या. तुम्ही सही केली नाही तरी ती द्यावीच लागते.

पोलिसांची भीती बाळगू नका. एका व्यवहारात चार नोटांपर्यंत सापडल्या तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक असतील तर मात्र गुन्हा नोंदवायला देते. तुमची एकच आहे.

भारतीय न्याय संहितेची कलमं १७९ आणि १८० दोन्ही 'खोटी आहे हे माहीत असून' वापरणाऱ्याला आणि बाळगणाऱ्याला लागतात. आईने घेतली तेव्हा तिला माहीत नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे, म्हणून उद्या ती कुणाला दिलीत तर तो गुन्हा होईल. शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. घरात ठेवूनही घेऊ नका, उद्याच बँकेत जा.

किराणा_भुसार
रोखपाल काकांशी सहमत. ओळखण्याचं मी सांगतो, गल्ल्यावर आयुष्य गेलंय.

काकूंना वाचता येत नाही, तर बोटांवर भर द्या. पाचशेच्या नोटेच्या समोरच्या बाजूला, डाव्या आणि उजव्या कडेला पाच-पाच तिरप्या रेघा असतात. त्या उठावाच्या छपाईत आहेत, अंगठा फिरवला की लागतात. दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन गोल, शंभराला चार रेघा. गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभही उठावात असतात. घरी एक कोरी, खरी पाचशेची घेऊन डोळे मिटून सराव करायला सांगा. नोट फार वापरलेली असेल तर उठाव झिजतो. तेव्हा नुसत्या स्पर्शावर विसंबू नका, पुढचं बघा.

नोट बल्बखाली तिरकी करा. मधल्या तारेचा, म्हणजे नोटेतल्या उभ्या चकाकत्या पट्टीचा, रंग हिरव्याचा निळा झाला पाहिजे. खाली उजवीकडच्या पाचशेच्या आकड्याचंही तसंच. झेरॉक्स किंवा प्रिंटरवर हा रंगबदल साधत नाही. मोतीबिंदू असला तरी हिरवं आणि निळं बहुधा कळेल. मग नोट उजेडासमोर धरा. कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा दिसायला हवा. उजेडाशिवायच चेहरा पांढरट उमटलेला दिसला तर नोट घेऊ नका.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सुट्टे आधी देऊ नका. नोट आधी हातात, मग सुट्टे. थोड्या भाजीला मोठी नोट आणि वर घाई, असं गिऱ्हाईक आलं की काकूंनी शेजारणीला नोट दाखवावी. खरं गिऱ्हाईक दहा सेकंद थांबतं.

प्रश्नकर्ती
काका, दादा, मनापासून आभार. उद्याच बँकेत जाते. आणखी दोन शंका आहेत. व्हॉट्सॲपवर फिरतंय की हिरवी पट्टी गांधीजींच्या जवळ असेल तर नोट खोटी. खरं आहे का? आणि दुकानात असतो तो निळा दिवा घ्यावा का?

निवृत्त_रोखपाल
पट्टीचा निरोप साफ खोटा आहे. पट्टी सहीजवळ असो वा चित्राजवळ, दोन्ही नोटा चालतात. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही हे खोडून काढलंय. असल्या निरोपांपायी लोक खऱ्या नोटा नाकारतात आणि गरीब गिऱ्हाईक उगाच अपमानित होतं, याचा मला फार राग येतो.

दिव्याखाली खऱ्या नोटेचा कागद मंद राहतो, आकड्यांची मालिका आणि कागदातले बारीक धागे चमकतात. साधा कागद पूर्ण निळसर-पांढरा उजळतो. पण खिशात राहून साबणाच्या पाण्यातून निघालेली खरी नोटही तशीच उजळते. त्यामुळे दिवा जोडीला ठीक, निकाल त्यावर नको.

रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप आईच्या फोनवर टाकायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या, की ते अंधांना नोट कितीची आहे ते बोलून सांगतं. खरी की खोटी ते सांगत नाही.

प्रश्नकर्ती
शेवटचं. आईकडे आज एक नोट आली, नंबरात मध्येच चांदणी आहे. बाकी रेघा, तार, चेहरा सगळं बरोबर. घ्यावी का?

किराणा_भुसार
बिनधास्त घ्या. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदली जी नोट भरतात, तिच्या नंबरात चांदणी असते. पूर्ण वैध आहे.