‘स्वयंचलित’ की ‘स्वयंगामी’?

प्रश्न : इंदूरच्या आमच्या मराठी वाचनमंडळाच्या अंकासाठी मी द्रवात आपल्या आपण पुढे सरकणाऱ्या अतिसूक्ष्म इंजिनांवर टिपण लिहीत आहे. इथल्या हिंदी मजकुरात ‘स्वचालित’ आढळते. मराठीत ‘स्वयंचलित’ लिहावे का?

उत्तर : ताई, शब्द शुद्ध आहे, पण वाचकाचा समज भलतीकडे जाईल. ‘स्वयंचलित’ म्हटले की माणूस जवळ येताच उघडणारे दार डोळ्यांसमोर येते, म्हणजे हात न लावता काम होणे एवढाच अर्थ पोहोचतो. आपला प्रश्न मात्र पुढे नेणारे बल कुठे उत्पन्न होते, हा आहे.

2004 साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात आयुष्मान सेन, थॉमस मॅलूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेली कांडी पाहावी. ती सुमारे 2 मायक्रोमीटर लांब असून तिचे एक टोक प्लॅटिनमचे, दुसरे सोन्याचे आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात प्लॅटिनमपाशी सुटलेले इलेक्ट्रॉन कांडीच्या आतून सोन्याकडे जातात, प्रोटॉन बाहेरच्या द्रवातून त्याच दिशेने जातात, आणि या ओघामुळे कांडी प्लॅटिनमचे टोक पुढे ठेवून सरकते. इंधन भोवतालचे, पण रेटा कांडीच्या स्वतःच्या पृष्ठभागावर निर्माण झालेला.

म्हणून ‘स्वयंगामी’ मला अधिक योग्य वाटतो. ‘ऊर्ध्वगामी’, ‘मंदगामी’ हे शब्द रुळलेले असल्याने तो परका वाटणार नाही. शिवाय ‘चलित’ म्हणजे चालवले गेलेले, तर ‘गामी’ म्हणजे जात असलेले. आणि एवढ्या लहान आकारमानात द्रवाच्या चिकटपणापुढे जडत्वाचे काही चालत नसल्याने, रेटा थांबताच कांडीचे पुढे जाणेही तत्क्षणी थांबते. तिला सतत जातच राहावे लागते.

प्रश्न : मग फिरत्या चुंबकीय क्षेत्राने पुढे नेली जाणारी मळसूत्राकार इंजिनेही स्वयंगामीच ना?

उत्तर : नाही. त्यांना बाहेरचे क्षेत्र फिरवते, म्हणून तिथे ‘चुंबकचलित’ हाच शब्द नेमका आहे. दोन्ही प्रकार एकाच नावाखाली घालू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘नॅनो’साठी ‘अब्जांश’ वापरणार असाल, तर आपल्याकडील हिंदी वाचनाच्या सवयीमुळे ‘अब्ज म्हणजे हिंदीतील अरब’ एवढे पहिल्यांदाच कंसात सांगावे.