शब्दचर्चा : डोळ्यातला ‘दाह’ की ‘शोथ’?

निळी शाई : युव्हिआयटिसच्या रुग्णांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकाचा मी अनुवाद करते आहे. मूळ इंग्रजीतल्या ‘इन्फ्लमेशन’साठी ‘दाह’ घेऊन, युव्हिआयटिस म्हणजे ‘डोळ्याच्या मधल्या थराचा दाह’ असे मी लिहिले होते. हाच आजार झालेल्या माझ्या मावशीने ते वाचून विचारले, “अगं, माझ्या डोळ्याची कधी आग झाली नाही, नुसतं धूसर दिसायचं आणि काळे ठिपके तरंगायचे, मग हा दाह कसला?” तिचा आजार डोळ्याच्या मागच्या भागातला होता आणि तिथे लाली किंवा वेदना नसतानाही दृष्टीची हानी होऊ शकते. मग शब्द कोणता वापरावा?

जुनी पाटी : ‘शोथ’ लिहावे. तो ‘श्वि’ म्हणजे फुगणे या धातूपासून आला आहे. ‘दाह’ ही ‘इन्फ्लमेशन’मागच्या लॅटिन ‘पेटवणे’ची सावली आहे आणि आयुर्वेदात तर दाह म्हणजे आग होण्याचे लक्षण.

नेत्रविभाग : शोथ शास्त्रशुद्ध आहे, पण माझ्या ओपीडीत तो एकाही रुग्णाला कळणार नाही. शिवाय पुष्कळदा सूजही वरून दिसत नाही. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातले पाणी एरवी नितळ असते. प्रतिकारसंस्थेतल्या टी पेशींनी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सोडलेल्या संदेशद्रव्यांमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल झाल्या की त्यात प्रथिने आणि पांढऱ्या पेशी उतरतात, आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राचा बारीक झोत टाकला की कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात धूलिकण दिसावेत तशा त्या तरंगताना दिसतात. त्या मोजूनच आम्ही आजाराची तीव्रता ठरवतो.

निळी शाई : ‘कवडसा’! पत्रकात हे घेते. पुढे एक वाक्य आहे, की डोळ्याला प्रतिकारसंस्थेकडून ‘विशेषाधिकार’ मिळालेला असतो, म्हणजे तिथे ती सहसा जोराचा हल्ला करत नाही. हे पटते का?

जुनी पाटी : विशेषाधिकार आमदारांना असतो. ‘अभय’ म्हणावे.

नेत्रविभाग : अभय म्हटले की पहारा उठला असे वाटते, आणि तसे नसते. प्रतिकारशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1948 मध्ये सशाच्या डोळ्यात परक्या त्वचेची कलमे ठेवली. रक्तवाहिन्या कलमांत शिरल्या नाहीत तोवर ती टिकली. पुढे कळले की डोळ्यातल्या द्रवात टीजीएफ-बीटासारखी शमन करणारी द्रव्ये असतात आणि नियामक टी पेशीही हल्ला रोखून धरतात. पेटवणारी आणि आवरणारी यंत्रणा एकच आहे, म्हणून मी ‘आवर’ सुचवेन. हा आवर सुटला तर एका डोळ्याच्या जखमेनंतर दुसरा, न दुखावलेला डोळाही जाऊ शकतो. ब्रेल लिपीचे जनक लुई ब्रेल यांचे तसेच झाले असावे, असे मानतात.

माजघर : ‘आवर’ फार छान आहे. आमच्या आजीचे बुबुळ बदलले तेव्हा, रक्तगट न जुळवता ते कसे टिकले, याचे आम्हाला नवल वाटले होते.

जुनी पाटी : बदलले ते बुबुळ नव्हे. बुबुळ म्हणजे रंगीत पडदा. बदलतात ते त्यावरचे पारदर्शक पटल.

माजघर : आमच्याकडे त्यालाच बुबुळ म्हणतात, आणि नेत्रदानाच्या फलकावरही तेच लिहिलेले असते.

जुनी पाटी : फलक चुकीचे आहेत.

निळी शाई : दोघांनी सावकाश ठरवावे, पण पत्रक सोमवारी छापायला जाते आहे आणि मावशीला उत्तर अजून द्यायचे आहे.