युद्धापूर्वीचं हॉर्नबी डब्लो 'सर नायजेल ग्रेसली' मॉडेल इंजिन घ्यावं का? मझाक रॉटची (धातू आतून सडण्याची) धास्ती वाटतेय

रूळवेडा
मंडळी, सल्ला हवाय. मी बर्मिंगहॅमजवळ राहतो, इथल्या एका वयस्कर कलेक्टरकडे दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं हॉर्नबी डब्लो या मॉडेल रेल्वेचं ए-फोर वाफेचं इंजिन बघून आलोय, निळं, नंबर 4498, तीन रुळांवर चालणारं. अख्खी बॉडी डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, काय वजन आहे राव, हातात घेतल्यावर खाली ठेववेना! पण ज्याला विचारावं तो म्हणतो नको घेऊस, आज सरळ दिसतंय ते उद्या फुगेल, तडकेल आणि हातात भुगा येईल. पैसे बरेच जाणारेत, आणि मला ते काचेच्या कपाटात ठेवायचं नाहीये, चालवायचंय. बघताना नक्की काय तपासू?

चाकणचा_ओतारी
मी डायकास्टिंगमध्येच काम करतो म्हणून लिहितोय. मझाक म्हणजे जस्त आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम, त्यात शिसं, कथील किंवा कॅडमियम जरासं जरी जास्त गेलं तरी धातूच्या कणांच्या सीमांवर आतून गंज धरतो, दमट हवेत जास्तच, आणि गंजलेला भाग जागा जास्त घेतो म्हणून तुकडा फुगतो, वाकतो, मग चिरा. अमेरिकेत 1929 मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने हा मिश्रधातू काढला तेव्हा 99.99 टक्के शुद्ध जस्त हीच अट होती, म्हणजे रोग काय आहे ते कळलेलं होतं, पण ओतकामाच्या कढईत भलतं भंगार पडायला वेळ लागत नाही. शिशाचा एखादा तुकडा पडला की ती सगळी बॅच गेली. म्हणूनच एकाच वर्षाची दोन इंजिनं, एक ठणठणीत आणि एक पार मोडीत, असं होतं. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, हा रोग संसर्गजन्य नाही, शेजारच्या डब्याला लागत नाही. दोन, याला औषध नाही, फार तर कोरड्या आणि एकसारख्या तापमानाच्या जागी ठेवून वेग कमी करता येतो. पण ऐंशीपेक्षा जास्त वर्षं जे सरळ राहिलंय त्याची बॅच बहुतेक चांगली होती असं मी धरून चालेन.

मीनल_ओओ
ओतारी दादांना अनुमोदन. तपासायचं कसं ते सांगते, कारण लोक रंग बघतात आणि चॅसिस बघतच नाहीत. जाड सपाट काच घेऊन जा, इंजिन तिच्यावर ठेवा आणि डोळे काचेच्या पातळीला आणा, एखादं चाक अधांतरी दिसलं की फ्रेम वाकलीय समजा. मग मालकाला विचारून बॉडी उतरवा, मोटरच्या आजूबाजूला आणि स्क्रूच्या भोकांपाशी टॉर्च मारा, तिथे केसासारख्या चिरा किंवा रंगाखाली बारीक फोड दिसले तर सरळ निघून या. बॉडी नीट निघत नसेल किंवा परत बसताना अडत असेल तर धातू वाढलाय. चाकांच्या आऱ्याही बघा, तीही डायकास्टच आहेत.
आणि चालवायचंय म्हणताय ना, तर मोटरचा मॅग्नेट! नालासारखा जुना मॅग्नेट वर्षानुवर्षांत कमजोर होतो, मग मोटर करंट खाते, तापते, पण ओढत नाही. हा दोष मात्र बरा होतो, परत मॅग्नेटाइझ करून देणारे लोक तुमच्या इंग्लंडातच आहेत. फक्त आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) उगाच काढू नका, त्यानेही मॅग्नेट उतरतो.

स्प्लिट_चॅसिस_प्रेमी
घ्या हो, बिनधास्त घ्या. मी पालिटॉय कंपनीच्या 'मेनलाइन' ब्रँडची मॉडेल इंजिनं गोळा करतो, 1976 पासूनची, त्यांचंही असंच, चॅसिस दोन अर्ध्या धातूच्या भागांची आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये प्लॅस्टिकची नळी, ती नळी चिरली की क्वार्टरिंग (दोन्ही बाजूंच्या चाकांचा एकमेकांशी ठरलेला कोन) सुटतं आणि इंजिन लंगडायला लागतं. पण नवीन नळी बसवता येते. म्हणून माझा हिशोब सोपा आहे, जे दुरुस्त होतं त्याच्यासाठी कटकट सोसायची आणि जे दुरुस्त होत नाही ते फक्त निरोगी असेल तरच घ्यायचं. माझ्याकडे एक युद्धापूर्वीचं इंजिन आहे, कंपनीचं नाव राहू दे, फ्रेम केळ्यासारखी वाकलीय, कधीच चालणार नाही. तरी रंगावरची सोनेरी रेघ इतकी बारीक आणि सरळ आहे की ते विकायचं मनातही येत नाही.

रूळवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी काच आणि टॉर्च घेऊन जातो. घेतलं तर ठेवायचं कुठे? माळ्यावर जागा आहे.

मीनल_ओओ
माळा नको! तिकडचे माळे उन्हाळ्यात तापतात आणि थंडीत ओलसर होतात. राहत्या खोलीत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि अधूनमधून चालवत राहा.