हेल्पमध्ये उत्तर असूनही सापडत नाही: दोष सर्चचा की लिहिणाऱ्याचा?

मॅन्युअलवाली (अंधेरी)
मी सॉफ्टवेअरची हेल्प लिहिते, तरी स्पष्टच बोलते: दोष बहुतेक वेळा आम्हा लिहिणाऱ्यांचा असतो. सोसायटीचा खजिनदार टाइप करतो ‘बिल रद्द कसं करायचं’. लेखाचं नाव असतं ‘व्हाउचर रिव्हर्सल’. उत्तर आत आहे, स्क्रीनशॉटसकट, पण त्याला दिसतं ‘काहीही आढळले नाही’. मग फोन हेल्पलाइनला.

संशोधक जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं, की एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून एकच नाव देतील याची शक्यता २० टक्क्यांहून कमी असते. त्यांनी उपायही सुचवला होता: एका गोष्टीला हवी तेवढी टोपणनावं द्या. म्हणून म्हणते, शून्य निकाल येणाऱ्या शोधांची यादी नियमित काढा आणि लोकांचे शब्द मथळ्यात आणा. एरर मेसेज तर अक्षरही न बदलता छापा, कारण लोक तोच चिकटवून शोधतात.

कोडमास्तर (ठाणे)
टोपणनावं फुकट मिळत नाहीत, मॅडम. ‘रद्द’ बिलालाही लावाल, चेकला, सभासदत्वाला आणि पार्किंगच्या वाटपालाही. मग ‘रद्द’ टाइप केलं की तीस लेख समोर. सर्चचं गणित १९७२ पासून माहीत आहे: संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडलं, की शब्द जितक्या कमी कागदांत असेल तितकं त्याचं वजन जास्त. तुम्ही तो सगळीकडे पेरलात की वजनच गेलं. शिवाय बटणावर ‘व्हाउचर रिव्हर्सल’ लिहिलेलं असताना हेल्पमध्ये दुसरंच नाव आलं, तर खजिनदार बटण शोधत बसेल.

मॅन्युअलवाली (अंधेरी)
बटणावरचं नाव काढा असं मी कुठे म्हटलं? मथळा ‘चुकीचं बिल रद्द करणे’, आणि पहिल्याच ओळीत ‘यासाठी व्हाउचर रिव्हर्सल दाबा’. ‘रद्द’ एकटा पेरायचा नाही, ‘बिल रद्द’ असा जोडीनं. आणि तीस लेख आले तर निदान चाळता येतात. शून्यात काय चाळणार?

गिरगावकर डीटीपी
तुम्ही दोघंही सर्चच्या चौकटीत अडकलात. विंडोज ९५ च्या हेल्पमध्ये तीन टॅब होते: अनुक्रम, सूची आणि शोध. शोध पहिल्यांदा उघडला की आधी शब्दांची यादी बनवायची परवानगी मागायचा, म्हणून आम्ही तिकडे फिरकतच नसू. पण सूची! दोन अक्षरं टाकली की यादी सरकायची आणि आपल्याला न सुचलेला शब्द नजरेला पडायचा. ती माणसानं विचार करून बनवलेली असे. सर्चची चौकट मात्र आधी शब्द सांगा म्हणते. शब्द माहीत असता तर कशाला विचारलं असतं?

सोसायटीचा खजिनदार (मुलुंड)
खजिनदार म्हणून माझं इतकं नाव घेतलंत तर ऐका. आम्हाला हेल्प नकोच आहे. बटणावरच ‘बिल रद्द करा’ लिहा, विषय संपला. मुलुंड ते सीएसएमटी गर्दीत उभा राहून मी मोबाइलवर तुमचा लेख वाचणार? आणि एफ-१ दाबलं की मी आहे त्या स्क्रीनचीच मदत यावी, मुखपृष्ठ नको. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तसं होतं, फक्त ऑफलाइन हेल्प वेगळी बसवावी लागते, नाहीतर ती इंटरनेटवरून उघडते.

मॅन्युअलवाली (अंधेरी)
काका, बटणं बदलायचा अधिकार आमच्याकडे असता तर निम्मी हेल्प लिहावीच लागली नसती. पण सगळं बटणावर मावत नाही. गेल्या वर्षीचे हिशेब बंद झाल्यावर त्यातलं बिल रद्द केलं तर व्याजाचं काय होतं, हे कुठल्या बटणावर लिहू?

विद्याविहारची वाचक
सगळे मराठीला विसरले. बिल, बिलाचं, बिलात, बिलांवर: माणसाला हा एकच शब्द, साध्या सर्चला चार. फाइल आणि फाईल वेगळे. आणि ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकदा थेट ‘ऱ’ घेऊन, एकदा साधा ‘र’ आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना सारखं, संगणकाला निरनिराळं. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ तर विचारूच नका, दिसतं मराठी पण आत रोमन अक्षरांचे कोड. तिथे मथळा कितीही सोपा ठेवा.

गिरगावकर डीटीपी
ती पापं आमचीच. पण तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले कोड, होतं कुठे आमच्या मशीनवर!

कोडमास्तर (ठाणे)
‘ऱ्य’ एकसारखा करणं, विभक्ती छाटणं हे माझं काम, ते एका दुपारचं नाही पण होतं. मराठीत मात्र छाटणी जपून करावी लागते, शेवटी ‘त’ किंवा ‘तं’ दिसला की काढ असं केलं तर ‘खात’ आणि ‘खातं’ दोन्ही ‘खा’ होऊन बसतील. टोपणनावांच्या यादीला मी अजूनही तयार नाही. नवीन फीचर आलं, जुनं गेलं की ती कोण तपासणार? लिहिणारी एक, लेख हजार.

मॅन्युअलवाली (अंधेरी)
हेल्पलाइनवरच्या पोरांना द्या. लोक काय म्हणून विचारतात ते त्यांच्याच कानावर पडतं. सध्या ते कॉल बंद करताना ‘इतर’ निवडतात आणि सुटतात. त्या जागी ग्राहकाचं पहिलं वाक्य लिहायची रिकामी ओळ ठेवा. बाकीचं मी बघते.