जाड सोलचे बूट सोडताना: आपापले अनुभव लिहावेत

तळ्याकाठचा:
कोजागिरीच्या रात्री तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांसाठी सोलापुरात आमच्या गल्लीने रस्त्याकडेला चहाचा मांडव घातला होता. मध्यरात्रीनंतर सत्तरीच्या एक आजी तेथे सतरंजीवर पाय पसरून बसल्या आणि माझी नजर त्यांच्या तळव्यांवर खिळली. टाचांच्या भेगांत डांबराची काळी रेघ बसली होती, पायाची बोटे हाताच्या बोटांसारखी सुटी पसरली होती, आणि सुमारे ४५ किलोमीटरांपैकी निम्मी वाट अनवाणी चालूनही फोड मात्र एकही नव्हता. ते पाहून सहा वर्षांपूर्वीची माझी फजिती आठवली.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आबेबे बिकिला यांनी मॅरेथॉन अनवाणी जिंकली, एवढे वाचून मी एका पहाटे बूट काढून ठेवले आणि होम मैदानावर सहा किलोमीटर धावलो. धावताना अंगात वारे भरल्यासारखे वाटत होते. दुसऱ्या दिवशी जिना मात्र कठडा धरून, पाठमोरा उतरावा लागला. नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा दहा-बारा मिलिमीटर उंच असते आणि दहा वर्षे तसेच बूट वापरल्याने माझ्या पोटऱ्या व टाचेमागची शीर त्या उंचीला सरावल्या होत्या, हे मला नंतर उमगले. शिवाय अनवाणी धावताना पाऊल आपोआप चवड्यावर पडू लागते, त्यामुळे गुडघ्यावरचा भार हलका झाला तरी तो पोटरीवर येतो. मग मी आठवड्यातून तीनदा फक्त ४०० मीटर अनवाणी आणि बाकीचे सारे जुन्या बुटांत, असे सुरू केले. पाच किलोमीटरपर्यंत पोहोचायला सात महिने लागले. ज्यांनी हा बदल केला आहे किंवा करून सोडून दिला आहे, त्यांनी जरूर लिहावे.

रात्रपाळी:
मी सोडून दिलेल्यांपैकी आहे. मी पूर्ण अनवाणी नव्हे, तर पातळ सोलच्या बुटांत धावत असे आणि पोटऱ्या दुखेनाशा झाल्यावर चौथ्या आठवड्यात थेट आठ किलोमीटरांवर गेले. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, बोट टेकवले तरी कळ येऊ लागली. पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही म्हणून मी आणखी आठवडाभर धावले, आणि तीच माझी खरी चूक ठरली. हाडाला पडलेला बारीक तडा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. स्नायू महिनाभरात तयार होतात, हाडाला त्याहून बराच वेळ लागतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर सहा आठवडे घरात बसण्याची वेळ आली नसती.

पोटरीग्रस्त:
माझे पातळ बूट हातात घेऊन सासूबाईंनी सोल वाकवून पाहिला आणि "इतके पैसे देऊन शेवटी चप्पलच आणलीत ना, जावईबापू?" असे विचारले. त्यावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

विजापूर वेस:
आपल्या गावात हा प्रश्न तळव्यापेक्षा उन्हाचा अधिक आहे, असे माझे मत आहे. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की डांबर दिवसभर ऊन पीत राहते आणि संध्याकाळी सात वाजता हवा निवली तरी रस्ता निवलेला नसतो. मी एकदा सूर्य मावळला आहे या भरवशावर निघालो आणि दोन्ही चवड्यांवर रुपयाएवढे फोड घेऊन परतलो. मातीवर धावावे तर सराटे असतात. आता मी उन्हाळ्यात फक्त पहाटे साडेपाचला, तोही हाताच्या पंजाची पाठ दहा सेकंद रस्त्यावर टेकवून पाहिल्यानंतरच, धावतो.

सूतगिरणी:
यात एक गंभीर गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. माझ्या वडिलांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि मी धावतो हे पाहून तेही गच्चीवर अनवाणी फिरू लागले. दुपारच्या फरशीने तळवा भाजला, आणि ते त्यांना रात्री मोज्याला ओल लागल्यावर कळले. डॉक्टरांनी नायलॉनचा एक तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून "लागले की सांगा" असे म्हटले, तेव्हा बाबा बराच वेळ गप्पच होते. ज्यांना साखर आहे त्यांनी ही तपासणी झाल्याशिवाय बूट काढू नयेत.

जुना खेळाडू:
बिकिला यांचा दाखला सगळेच देतात, म्हणून पुढचेही सांगतो: १९६४ मध्ये टोकियोला त्यांनी पुन्हा सुवर्णपदक जिंकले, आणि ते बूट घालून. हार्वर्डचे डॅनियल लिबरमन यांच्या २०१० च्या अभ्यासात सवयीने अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात व जमिनीवर आदळण्याचा पहिला धक्का त्यांना कमी बसतो, असे दिसले. त्यावरून दुखापती कमी होतात असे मात्र सिद्ध होत नाही. माझा गुडघा सुधारला हे खरे आहे, परंतु तो अनवाणी धावण्याने सुधारला की त्या निमित्ताने पावले आखूड पडू लागल्याने, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

तळ्याकाठचा:
आखूड पावलांचा मुद्दा मलाही पटतो, कारण आता बूट घातले तरी माझे पाऊल पूर्वीसारखे लांब पडत नाही. रात्रपाळीताई, पाय पूर्ण बरा असेल तर रविवारी पहाटे होम मैदानावर यावे. आपण ४०० मीटरच्या वर जाणार नाही.

रात्रपाळी:
मी येईन, परंतु बूट पिशवीत घेऊनच येईन.

विजापूर वेस:
सराटे काढण्यासाठी चिमटा मी आणतो. मागच्या खेपेस सेफ्टी पिनने काढताना काट्यापेक्षा पिनच अधिक लागली होती.