जीनएक्सपर्ट निगेटिव्ह, तरी दादाला टीबी मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाच्या टीबीची) औषधं?

धाकटी बहीण: दादाला पंधरवडाभर बारीक ताप, डोकेदुखी, उलट्या, मग असंबद्ध बोलू लागला. पाठीतून सुईने काढलेल्या, मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात प्रोटीन जास्त, साखर कमी. जीनएक्सपर्ट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी चाचणी, निगेटिव्ह. पक्कं निदान होईपर्यंत थांबायला हवं होतं का?

न्यूरो वॉर्डातली डॉक्टर: मुळीच नाही, ताई! त्या पाण्यात जंतू फार थोडे असतात, म्हणून निगेटिव्ह रिपोर्टवरून हा आजार नाकारता येत नाही. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, आठवडे लागतात. तेवढ्यात मेंदूचं कायमचं नुकसान होऊ शकतं. डेक्सामेथासोन, म्हणजे सूज कमी करणारं स्टिरॉइड, सुरू आहे ना? त्याने मृत्यूचा धोका घटतो. ते ६ ते ८ आठवड्यांत हळूहळू कमी करतात, टीबीची औषधं साधारण वर्षभर.

बहीण: सुरू आहे. गुंगी वाढली तर?

डॉक्टर: लगेच कळवा. मेंदूत पाणी साचलं असेल तर शंट (ते पाणी काढून देणारी नळी) लागू शकतो.

एक नर्स: औषधांनी यकृताला त्रास होऊन डोळे पिवळे दिसले तरी लगेच सांगा, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका.