डिसेंबरचा गाला: पान काउंटर आणि बाकीचं

प्रेषक: कार्यवाह

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरच्या सुट्टीत आपलं अमेरिकेतलं निम्मं मंडळ नागपुरातच असतं. म्हणून यंदाचा गाला वर्धा रोडच्या एखाद्या लॉनवर करायचं कार्यकारिणीत ठरलंय. जमलेल्या पैशांतले अर्धे कॅन्सर संशोधनाला, अर्धे रुग्णांच्या मदतीला. ऑर्केस्ट्रा, सावजी, संत्रा बर्फी आणि शेवटी पानाचा काउंटर. सूचना रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: धंतोलीची ताई

कार्यवाह भाऊ,
बाकी सगळं झकास. पानाचा काउंटर तेवढा काढा बाप्पा. कॅन्सरसाठी पैसे गोळा करायचे आणि जेवण झालं की सुपारी वाटायची? तंबाखू नसेल त्यात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत, टाकलंय. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांदेखत पन्नीत घासून मिळतो. माझ्या थोरल्या भावानं तो तीस वर्षं खाल्ला. आधी भाजीचं तिखट सोसेना, मग तोंड जेमतेम दोन बोटं उघडू लागलं. आम्ही दाढेचं दुखणं समजून वर्ष घालवलं.

आता पैशांचं. ऑपरेशननंतर त्याला रेडिएशन होतं. सोमवार ते शुक्रवार रोज, असे सहा आठवडे. मशीनवर काही मिनिटं, बाकीचा दिवस मोकळा. आम्ही इथेच नागपुरात, धंतोलीत राहतो म्हणून जमलं. गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटकडचा माणूस रोज घरी कसा जाणार? उपचाराचा बराच खर्च महात्मा फुले योजनेत नाहीतर आयुष्मान कार्डात बसतो. खोलीचं भाडं, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी, गिळता येत नाही म्हणून मिक्सरमधून काढायचं जेवण, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. आमच्यासोबत बालाघाटकडचं एक जोडपं रांगेत असायचं. एकोणिसाव्या दिवशी धान कापायला म्हणून गावी गेलं, ते परत दिसलं नाही. मध्ये असा खंड पडला की उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते.

माझं म्हणणं, सगळेच पैसे इकडे द्या. तुकडोजी पुतळा चौकाजवळ, प्रादेशिक कर्करोग रुग्णालयापासून पायी जाता येईल अशा दोन-तीन खोल्या. प्रत्येकीत एक मिक्सर.

प्रेषक: खजिनदार

ताई, मिक्सर मंजूर. पण पैसे जाणार कसे ते आधी बघू.
ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ती परकीय देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्यांची धरतात, मग जन्म सीताबर्डीतला का असेना. मंडळाच्या खात्यातून गेले तर तेही परकीयच. म्हणजे एफसीआरए, अर्थात परकीय देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेलीच संस्था हवी, आणि रक्कम तिच्या दिल्लीतल्या, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या खात्यातच जमा व्हायला हवी. २०२० च्या दुरुस्तीपासून त्या संस्थेला हे पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाहीत. तेव्हा कुणा ओळखीच्या भाऊंकडे देऊन टाकू, हे विसरा. लॉनवर देणगीचा डबाही फिरवायचा नाही.
आणि इथल्या अमेरिकेतल्या करासाठी: तिकिटातून जेवणाची किंमत वजा जाता उरेल तेवढीच देणगी. दर वर्षी सांगतो, दर वर्षी एप्रिलमध्ये फोन येतात.

प्रेषक: बोस्टनची धाकटी

ताई, मी प्रयोगशाळेत काम करते. आमच्या एका मशीनच्या देखभालीतच आपला अख्खा गाला संपेल, त्यामुळे तुमचं पटतं. फक्त संशोधनाचा आकडा शून्य करू नका. उपचार अर्धवट सोडून कोण गेलं, का गेलं, दोन वर्षांनी कोण कसं आहे, हे नीट नोंदवणं हेही संशोधनच. त्याला मशीन लागत नाही. हिंदी-मराठी आणि जमल्यास गोंडी बोलणारा एक माणूस, एक फोन आणि एक वही लागते. त्याचा वर्षाचा पगार आपल्याला झेपेल. काका, हे एफसीआरएत बसेल ना?

प्रेषक: खजिनदार

संस्थेच्या नोंदणीतल्या उद्देशांत बसलं तर बसेल. विचारून सांगतो.

प्रेषक: धंतोलीची ताई

हे मला सुचलं नव्हतं. असा कुणी असता तर विसाव्या दिवशी त्या जोडप्याला फोन गेला असता. ठेवा संशोधनाचे पैसे.

प्रेषक: कार्यवाह

पान काउंटर रद्द. केटररनं दोनदा विचारलं, खरंच नको? लग्नात तर भांडणं होतात म्हणे त्यावरून. बडीशेप ठेवतोय.
ताई, दादा येणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळं काय करायला सांगू?

प्रेषक: धंतोलीची ताई

येतो म्हणालाय. मऊ भात, पातळ वरण, तिखट अजिबात नको. आणि आमचं टेबल ऑर्केस्ट्रापासून लांब लावा. त्याचं बोलणं आता जवळ बसल्याशिवाय कळत नाही.